पडाक नाय, बसलंय

परबकाकी कधी पडल्या नाहीत. निदान त्यांच्या सांगण्यावरून तरी नाही. जिन्यात पाय सटकला की त्या "जिन्यात बसल्या". मंडईजवळ उखडलेल्या लादीला ठेचकाळून आडव्या झाल्या, तेव्हाही "थंयच जरा बसलंय" एवढंच. कोपर सोललेलं, निऱ्यांना चिखल, चष्म्याची एक काडी वाकलेली, आणि आपण काळजीनं विचारावं, "काकी, पडलात का?" तर आपण काहीतरी अभद्र बोलून गेल्यासारख्या त्या आपल्याकडे बघायच्या.

"पडाक नाय गो. बसलंय."

त्यांचं नि माझं दार समोरासमोर होतं. घाटकोपर पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींची आमची वसाहत, त्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा काकी पन्नाशीला टेकल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक सतीश इंजिनियरिंगला. मूळच्या मालवणकडच्या. सगळं आयुष्य मुंबईत काढूनही घरात, जिन्यात, आपल्या माणसांशी त्या मालवणीच बोलायच्या. दवाखान्यात आणि बँकेत मात्र एकदम जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी. त्या कोणत्या भाषेत बोलतात त्यावरून आपण त्यांना कितपत जवळचे ते कळायचं. माझ्याशी पहिल्या गणपतीपासून त्यांनी मालवणी सुरू केली.

भांडुपच्या एका औषध कंपनीत त्या पॅकिंगला होत्या. गोळ्यांच्या स्ट्रिपा तपासायच्या आणि खोक्यात भरायच्या, तेही पूर्ण पाळी उभं राहून. बसायला स्टूल नव्हतं, आणि कुणी खोक्यावर टेकलेलं दिसलं की सुपरवायझर नाव लिहून घ्यायचा. म्हणून मी कधी चिडवलं की त्या म्हणायच्या, "इतकी वर्सां उभी रवलंय, आता मनात येयत थंय बसतंय, तुझा काय जाता?" कंपनी बंद पडली तरी सवय हातात राहिली. माझ्या घरी साधी डोकेदुखीची स्ट्रिप टेबलावर दिसली, तरी त्या उचलून तिच्यावरून अंगठा फिरवायच्या, एखादं घर रिकामं राहून गेलंय का ते बघायला. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. चालायच्या भराभर आणि ताठ. स्टेशनपर्यंत रिक्षा करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत वाईट होतं.

आणि फुगडी. गौरी आल्या की संध्याकाळी वसाहतीतल्या बायका आमच्या गच्चीवर जमायच्या. काकींची जोडीदार ठरलेली, तळमजल्यावरची नलूताई शिर्के. दोघी एका वयाच्या. हातांची कात्री घालून, पावलाला पाऊल भिडवून, दोघी मागं झुकल्या की आम्ही तरुण पोरी भिंतीला सरकायचो. पदर, वेण्या, बांगड्या, सगळं मिळून एकच गरगरणारी गोष्ट दिसायची. थांबल्यावर नलूताई डोकं धरून खाली बसायची. काकी मात्र तशाच उभ्या, कमरेवर हात, श्वास लागलेला, आणि पुढची कोण म्हणून बघताहेत. त्यांना चक्कर येते हे मी तरी कधी पाहिलं नाही.

अशा बाईचं मनगट मोडलं ते दारातल्या पायपुसण्यावरून. दूध घ्यायला दार उघडलं, पाय सरकला आणि सावरायला हात टेकला, बस्स. मीच त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. प्लास्टर झाल्यावर तिथल्या डॉक्टरीण बाई, माझ्याच वयाच्या असतील, कागदावर लिहिता लिहिता विचारू लागल्या, "पाळी कधी थांबली?"

"थांबली नाही, थांबवली," काकी आपल्या दवाखान्यातल्या मराठीत म्हणाल्या. "पिशवी काढली ना. एकोणचाळीस वर्षांची होते."

"कशासाठी?"

"अंगावरून फार जायचं. डॉक्टर म्हणाले, मुलगा झालाय, आता पिशवीचं काम काय?"

"नुसती पिशवीच, की अंडाशयही काढले?"

"ते मला कोण सांगतंय? जे होतं ते सगळं काढलं."

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. पाळी गेली की बाईची हाडं भराभर झिजायला लागतात, काकींची वेळेच्या खूप आधी गेली, आणि तेव्हापासून हाडं आतून विरळ होत आली असणार, असं त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. हाडांची तपासणी लिहून दिली. तिचा निकाल आला तो त्यांच्या अंदाजापेक्षा वाईट होता. निकाल डॉक्टरीण बाईंना दाखवून आम्ही रिक्षानं परतलो. वसाहतीच्या फाटकाशी आल्यावर काकी म्हणाल्या, "पिशवी काढली तेव्हा माका वाटला, सुटलंय एकदाची."

औषधांच्या पिशवीत कॅल्शियमच्या स्ट्रिपा होत्या. त्यांनी सवयीनं अंगठा फिरवला आणि हसल्या. कंपनीत आयुष्यभर ह्याच गोळ्या भरल्या होत्या. दुसरी एक गोळी आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तिच्यासाठी काकींनी सोमवार धरला. सोमवारी सकाळी त्या दार उघडं ठेवून, खुर्चीत पाठ ताठ करून बसायच्या. त्या अर्ध्या तासात कुणी खाली वाकून काही उचलायला सांगितलं तरी चालायचं नाही.

त्याच सुमारास त्यांचं शिंप्याशी वाजलं. कोपऱ्यावरच्या दुकानातला मास्टर त्यांचे परकर वर्षानुवर्षं शिवायचा. "हल्ली परकर लांब शिवता मेलो, खालून लोळता सगळो," म्हणून त्या तावातावानं दुकानात गेल्या. सोबत मी होतेच. मास्टरनं जुना परकर मागवला, नवा त्याच्यावर अंथरला, टेप लावली. दोन्ही सारखेच. तो बिचारा म्हणाला, "काकी, माप तेच आहे, बघा ना." काकींनी दोन्ही परकरांकडे बघितलं. मग दुकानातल्या उभ्या आरशात स्वतःकडे बघितलं. खांदे जरा पुढं आले होते, पाठीला किंचित बाक आला होता. रोज बघणाऱ्या माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"दुमडून टीप मार," त्या मास्टरला म्हणाल्या. "दोन बोटं." पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचे डबे मात्र एकेक करून खाली आले.

इथवर काकी काकीच होत्या. भाजी आणायच्या, गच्चीवर उन्हात बसायच्या, पडल्या तर बसलंय म्हणायच्या. त्या बदलल्या त्या नलूताईनंतर.

नलूताई न्हाणीघरात पडली. घरात एकटीच होती आणि आतून कडी लावलेली. मुलगा कामावरून आला तेव्हा हाक मारून उत्तर येईना, म्हणून त्यानं दार तोडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण ती पुन्हा धड उभी राहिली नाही. काकी रोज दुपारी खाली जायच्या आणि तिची वेणी घालायच्या. आधी केस होते तशी, मग केस गळाले तसे नुसते दोन पेड, मग केसांना तेल लावून नुसता हात फिरवायच्या. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, आणि पावसाळा संपायच्या आत नलूताई गेली. तिला नेलं तेव्हा काकी जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. वर येताना पहिल्यांदाच मी त्यांना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढताना पाहिलं.

त्यानंतर त्यांचं जग लहान होत गेलं. स्टेशनची बाजू सुटली. मग मंडई सुटली, भाजीवाला खाली आला की त्या दोरीला पिशवी बांधून सोडायच्या. मग गच्ची. गौरीच्या संध्याकाळी मी बोलवायला गेले, तर म्हणाल्या, "गुडघो दुखता." गुडघा दुखत नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. घरातसुद्धा त्या भिंतीला एक हात लावून चालायच्या. रंगावर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून न्हाणीघरापर्यंत. सतीश तोवर बंगलोरला नोकरीला लागून, लग्न करून स्थिरावला होता. तो रोज संध्याकाळी फोन करायचा.

"आई, जेवलीस? पडली-बिडली नाहीस ना?"

"नाय रे."

खोटं बोलायच्या असं म्हणवत नाही. त्यांच्या हिशेबी त्या बसल्या होत्या.

मी शाळेत दुपारच्या वेळेला शिकवायचे, त्यामुळं सकाळी घरी. रोज साडेआठ-नऊच्या सुमारास समोरून हाक यायची, "मंजू, आंघोळीक जातंय गो." आणि थोड्या वेळानं, आटपून बाहेर आल्या की, "इलंय गो." मी भाकरी थापता थापता "बरं काकी" म्हणायचे. मला ती त्यांची एक लकब वाटायची, जसे काही लोक बाहेर पडताना घराला सांगून जातात तशी. रविवारी मी आणि माझी मुलगी वाकोल्याला माझ्या आईकडे जायचो, आणि घरचेही कुठं ना कुठं गेलेले असायचे. एकदा सोमवारी सकाळी त्यांच्याकडे दही द्यायला गेले, तर काकी खुर्चीत ताठ बसलेल्या, गोळीचा अर्धा तास चाललेला. केस तेलकट, अंगावर शनिवारचीच साडी. मी सहज विचारलं, "काल आंघोळ नाही केलीत?"

"तू नव्हतंस ना," त्या म्हणाल्या.

मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे नुसती मान वळवली. आतली कडी त्यांनी काढूनच टाकली होती, चार स्क्रूची भोकं दिसत होती. बाहेरचं दारही आंघोळीच्या वेळी त्या नुसतं लोटून ठेवायच्या. ती हाक मला होती. "इलंय गो" आलं नाही तर मी जाऊन बघावं म्हणून. इतके महिने आम्ही हे करत होतो आणि त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं की मंजू, माझ्यावर लक्ष ठेव. तसं म्हटलं असतं तर त्यांना स्वतःला ते ऐकावं लागलं असतं.

त्यानंतर रविवारी निघण्याआधी मी त्यांचं दार वाजवू लागले. "काकी, आटपून घेताय का? मी दहा मिनिटं आहे." त्या लगेच टॉवेल घ्यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला सुरुवात केली. घाटकोपरच्या एप्रिल महिन्यात, पंख्याखालीसुद्धा अंग चिकट होतं तेव्हा. मी काही विचारलं नाही. एक दिवस शाळेला निघताना जिन्यात करपल्याचा वास आला. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी दार उघडून आत गेले. गॅसवर डाळीचं पातेलं काळं पडलं होतं आणि काकी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसल्या होत्या, पाय लांब केलेले, मांडीवर मेथीची जुडी. निवडलेल्या पानांचा मोठा ढीग आणि काड्यांचा वेगळा. म्हणजे त्या बराच वेळ तिथं होत्या. हात पुरेल तिथं टोपली होती, तीच त्यांनी ओढून घेतली होती. गॅस त्यांच्या डोक्याच्या वर होता.

मी गॅस बंद केला. "काकी, अशा खाली?"

"बसलंय."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी मेथीचं आणखी एक पान खुडलं. बाही वर सरकली होती आणि कोपरापासून खाली सगळं जांभळं, पिवळं, जुनं-नवं दिसत होतं.

"उठूक येणा नाय गो," त्या हळूच म्हणाल्या.

मी आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी, आम्ही दोघींनी मिळून त्यांना उचललं. मोडलं काही नव्हतं. पलंगावर बसवल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "सतीशाक सांगू नको. तो माका घेवन जातलो. थंय सोळाव्या माळ्यार मी काय करू? दोघांय कामार जातत. दिवसभर काचेतसून खाली बघत बसू?"

मी सतीशला सांगितलं नाही. पण नुसतं गप्प बसूनही चालणार नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, मरोळच्या गावठाणातली ग्लोरिया, फिजिओथेरपिस्ट झाली होती. मी तिला बोलावलं. ग्लोरिया बोलायला तिखट आणि कामाला पक्की. आल्या आल्या तिनं दारातली पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली, न्हाणीघरातला मंद दिवा बदलायला सांगितला, आणि काकींना खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभं केलं.

"हात सोडू नका. पाय उचला. बास, एवढाच."

"ह्याच्यान काय होता?"

"काकी, हाडं मी नाही बदलू शकत, त्याला गोळ्या आहेत. तोल मात्र सुधारतो. आणि तुम्ही भीतीनं चालणंच सोडलंय ना, त्यानं पायातला जोर गेलाय. आता घाबरून घरात बसून राहिलात तर अजून जाईल."

हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. टाचेला चवडा लावून भिंतीकडेनं चालायचं. काकी कुरकुरत करायच्या, पण चुकवायच्या नाहीत. कंपनीत कधी उशिरा न गेलेली बाई ती. काही आठवड्यांनी एका सकाळी ग्लोरियानं चटई अंथरली आणि म्हणाली, "आज खाली झोपायचं."

काकी मागं सरकल्या. "कित्याक?"

"उठायला शिकायला."

काकींच्या चेहऱ्यावर इतकी उघडी भीती मी आधी पाहिली नव्हती. त्या जमिनीकडे विहिरीकडे बघावं तशा बघत होत्या. ग्लोरिया स्वतः चटईवर आडवी झाली आणि करून दाखवलं: कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग हात आणि गुडघे, रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, एक पाऊल पुढं रोवायचं आणि उठायचं. मग काकी, आमच्या दोघींच्या आधारानं, हळूहळू खाली गेल्या. पहिल्यांदा गुडघ्यांवर येऊन तिथंच अडकल्या. "रांगूक लावतंस माका ह्या वयात," म्हणून ग्लोरियावर चिडल्या. दुसऱ्या खेपेला खुर्चीपर्यंत पोचल्या आणि पाय रोवेना. ग्लोरिया बाजूला मांडी घालून बसली होती, हात लावत नव्हती. मला राहवेना, मी पुढं झाले, तर तिनं मला डोळ्यांनीच थांबवलं.

तिसऱ्या वेळी काकी उठल्या. खुर्चीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"नलूक ह्यां कोणी शिकवूक नाय," काकी म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. नलूताई गेली त्या दिवशीचं रडणं त्यांनी त्या सकाळी रडून घेतलं असं मला वाटलं. ग्लोरियाला नलूताई कोण ते माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही, पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. सतीशचा फोन आला, नेहमीचा प्रश्न आला.

"पडलंय रे," काकी म्हणाल्या.

"कधी?"

"बऱ्याच येळा. न्हाणीयेत पडलंय, जिन्यात पडलंय, रांधपाच्या खोलयेत पडलंय. तुका सांगूक नाय. आता मी उठूक शिकलंय, म्हणान सांगतंय."

सतीश शनिवारी आला. त्याच्याशी वाद होईल, आवाज चढतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तो आईच्या घरात फिरला, भिंतीवरचा तो मळकट पट्टा बोटानं चाचपून बघत न्हाणीघरापर्यंत गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं माणूस आणून न्हाणीघरात आणि संडासात स्टीलचे दांडे बसवून घेतले. जायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्यासमोरच म्हणाला, "आई, चल ना माझ्याबरोबर. मी झोपत नाही नीट."

काकींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "थंय माझ्या हाकेक ओ कोण देतला, बाबा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तो एकटाच गेला.

त्यानंतरची दोन वर्षं बरी गेली. काठी घेऊन का होईना, काकी जिना उतरायला लागल्या. एकदा माझ्याकडे चहाला आल्या असताना मला एकदम घाम फुटला, मी पंखा वाढवला, खिडकी उघडली. त्या कपातून वर न बघता म्हणाल्या, "तुझा सुरू झाला वाटता." मग कप ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हाडांकडे बघ गो आत्तापासून. माका कोणी सांगूक नव्हता." त्यांच्या सांगण्यावरून मी तपासणी करून घेतली. घरी निकाल मी वाचायच्या आधी त्यांनी वाचून घेतला.

मग आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. सगळ्यांनी वाट्टेल तिथं भाड्यानं जायचं, नवी इमारत उभी राहिली की परत यायचं. मुलीच्या कॉलेजमुळं आम्ही बोरिवलीला गेलो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गावी. सतीशनं पुन्हा विचारलं, आणि काकी पुन्हा नाही म्हणाल्या. नव्या घराची चावी हातात येऊ दे, मग बघू. जिना नको म्हणून त्यांनी मुलुंडला तळमजल्याची एक खोली पसंत केली. सामान गेलं त्या दिवशी आमच्या दोघींची दारं सताड उघडी होती आणि दोन्ही घरं रिकामी. काकी माझ्या रिकाम्या घरात येऊन उभ्या राहिल्या. "मोठा होता गो तुझा घर," म्हणाल्या. "सामानान कळाक नाय."

सुरुवातीला मी रोज फोन करायचे. मग एक दिवसाआड, मग जमेल तसा. एकदा विचारलं, "काकी, समोर कोण राहतं?"

"समोर गोदाम आसा. खोकी आसत."

"मग आंघोळीला जाताना?"

"जातंय. दांडो धरतंय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल विचारू लागल्या.

त्या गेल्या त्या तापानं. इस्पितळात ठेवलं होतं, सतीश शेवटपर्यंत जवळ होता. त्यानंच मला फोन केला. "हाड एकही मोडलं नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. आमची नवी इमारत तेव्हा पायाच्या वर नुकती आली होती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी. लग्नाच्या एका आमंत्रणासाठी मी बोरिवलीहून मुलुंडला चालले होते, एसी बस होती, खिडकीच्या बंद काचेशी मी बसले होते. मुलुंडच्या मोठ्या रस्त्यावर सिग्नलला बस थांबली. फुटपाथच्या कडेला माणसांचा घोळका रस्ता ओलांडायला उभा होता आणि त्यात काकी होत्या. फिकट निळी साडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, घोळका निघाला, दोन्ही बाजूंनी लोक त्यांना चुकवून पुढं गेले. त्या निघाल्या नाहीत. दिव्याकडे बघत राहिल्या. तेवढ्या वेळात आपल्याला पलीकडे पोचता येणार नाही हे त्यांना माहीत असावं. दिवा लाल झाला. आमच्या बसपुढं गाड्या तुंबल्या होत्या, त्यामुळं आम्हीही तिथंच.

मी काचेवर हात आपटला. हाक मारली. बसमधल्या दोघांतिघांनी वळून बघितलं, बाहेर काही गेलं नाही.

पुन्हा हिरवा लागला तेव्हा मात्र त्या पहिल्याच क्षणी उतरल्या. काठी, पाऊल, पाऊल. घाई नाही. एक रिक्षावाला पुढं सरकत हॉर्न देऊ लागला, तर त्याच्याकडे न बघता त्यांनी पिशवीचा हात आडवा केला. तो थांबला. अर्ध्या रस्त्यात दिवा लुकलुकायला लागला. त्या मधल्या दुभाजकापर्यंत पोचल्या, त्याच्या अरुंद कट्ट्यावर चढल्या आणि थांबल्या, आणि पुढच्या-मागच्या गाड्या सुटल्या.

आमची बसही सुटली. मी मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिले. दोन्हीकडून वाहनं धावत होती आणि मधे काकी एकट्या उभ्या होत्या, काठी रोवून, पाठ जमेल तेवढी ताठ करून, समोरच्या दिव्यावर नजर लावून. मग एक टेम्पो आड आला.